मन्याचं घड्याळ माझ्या खिशात

मनोहरवर मी जळायचो.

आज त्याला जाऊन वर्ष झालं आणि अजूनही जळतो. आधीच सांगून टाकतो.

मनोहर म्हणजे आमचा मन्या. यवतमाळला बी-बियाण्यांचं दुकान. माझा वणीत ट्रकचा धंदा. दोघांना वेड एकच, सेलवर नाही तर स्प्रिंगवर चालणाऱ्या भारी घड्याळांचं.

असे वेडे जिल्ह्यात सहा निघाले. मग महिन्याच्या पहिल्या शनिवारी कोणाच्या तरी घरी जेवण. मटण, भाकरी आणि घड्याळं.

जेवणाआधी मोबाइल बघून प्रत्येकाची वेळ तपासायची. महिनाभरात ज्याचं घड्याळ सगळ्यात कमी चुकलं, मटणातली मोठी नळी त्याची. मग सगळ्यांनी वेळ पुन्हा लावायची आणि घड्याळं टॉवेल अंथरलेल्या ताटात ठेवायची. रस्सा उडायला नको ना!

माझ्याकडे पाच घड्याळं. सगळी स्विस. आपोआप किल्ली बसावी म्हणून त्यांना फिरवत ठेवणारी विजेवरची पेटीसुद्धा आहे. किंमत लिहीत नाही, बायको ही पोस्ट वाचणार आहे.

मन्याकडे एकच. तेही सेकंडहँड.

आणि नळी दर महिन्याला मन्याच्या ताटात.

"काय करतं बे तू त्या घड्याळाले?"

"काही नाही. सकाळी चहाच्या आधी किल्ली देतो. पुढं पळत असन तर झोपताना उभं ठेवतो, मागं पडत असन तर आडवं. तूही करून पाय ना."

सगळं सांगून टाकायचा. काही लपवायचा नाही, याचाच जास्त राग यायचा.

तीन वर्षांपूर्वी जेवण माझ्या घरी होतं. सगळे हात धुवायला गेले. मी ताटातून मन्याचं घड्याळ उचललं आणि आतल्या खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर नेऊन ठेवलं. जेवणं झाल्यावर गुपचूप परत ताटात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं. त्यानं घड्याळाच्या आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं.

सकाळपर्यंत मन्याचं घड्याळ पाऊण तास पुढं. तो ते घेऊन पुसदला सलीमभाईंकडे गेला. सलीमभाई घड्याळं दुरुस्त करतात, आमच्या सहा जणांतलेच. त्यांनी पाच मिनिटांत चुंबक उतरवलं. पण मध्ये वेळ बदलली म्हणून मन्या त्या महिन्यात बाद.

पुढच्या जेवणाला नळी मला मिळाली.

आणि सगळे मन्याच्या घड्याळाची तब्येत विचारत बसले! माझ्याकडे कोणी बघेना.

"दुकानातल्या कशाचं तरी चुंबक लागलं असन," एवढंच मन्या म्हणाला.

त्या दिवसापासून तो घड्याळ ताटात ठेवेना. थेट माझ्या हातात द्यायचा.

"विज्या, हे तुह्याजवळ ठेव."

"काहून?"

"ताटात घासते बे."

मी ते शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचो. वाटायचं, याला काहीच माहीत नाही. किती भोळा माणूस! मग त्याच्या भोळेपणावरही जळायचो.

दोन वर्षं असंच चाललं. यवतमाळला जाताना दर वेळी ठरवायचो, आज सांगून टाकू. जेवून, पान खाऊन परत यायचो.

मग एका सकाळी त्याला हार्ट अटॅक आला. मी वणीहून पोचलो तोवर सगळं संपलं होतं. सांगायचं राहूनच गेलं.

परवाचं जेवण मन्याच्या घरी झालं. त्याच्या लेकीनं, स्नेहलनंच हट्टानं बोलावलं. बाबांचं घड्याळ आता तीच वापरते. महिन्यापूर्वी वेळ लावून तिनं ग्रुपवर फोटोही टाकला होता.

तपासलं. नऊ सेकंद. माझं छत्तीस.

मग तिनं मनगटावरून घड्याळ काढलं आणि ताटात न ठेवता माझ्यापुढं धरलं.

"काका, हे तुमच्याजवळ ठेवा."

"काहून गं?"

ती माझ्या कानाशी वाकली, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"बाबा सांगून गेलते. स्पीकरचं त्यांना तेव्हाच माहीत होतं, तुम्हाला घड्याळ तिथून उचलताना पाहिलं होतं त्यांनी. मी म्हटलं, मग तुम्ही काकांना बोलले काहून नाही? तर म्हणे, बोललो असतो तर विज्या वणीवरून यायचा बंद झाला असता. अन् हातात देल्लं का बरोबर सांभाळते तो."

घड्याळ खिशात ठेवून जेवायला बसलो. पहिल्याच घासाला डोळे पुसावे लागले.

सलीमभाईंनी विचारलं, "क्या हुआ भाई, तिखट लागलं का?" मी 'हो' म्हणून मान हलवली. सलीमभाई, तिखट नव्हतं. आता तुम्हीही वाचा.

मन्या, मी पाच घड्याळं जमवली. तुझ्यासारखं मन मला जमलं नाही. आज सगळ्यात जास्त जळतो ते त्याच्यावर.

चुकलो रे. तुझ्या तोंडावर म्हणायला पाहिजे होतं.

नळी पुन्हा तुझ्याच घरात गेली. घड्याळ जेवण होईपर्यंत माझ्या खिशात होतं. स्नेहलच्या हातात परत दिलं, एक ओरखडा नाही.

मनापासून श्रद्धांजली, मित्रा.