वर्गातून कुणालाही न उठवणाऱ्या वसुधाताई

वसुधाताईंची आणि माझी पहिली भेट इथे आखातात, आमच्या अल मन्सूरा वस्तीतल्या एका किराणा दुकानात झाली. मी कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करून पाहत होते. "कालची आहे ती. आत माग, ताजी देतील," मागून मराठी आवाज आला. पाठोपाठ प्रश्न, "मुलं आहेत? मग शुक्रवारी पाठव. मराठीचा वर्ग असतो माझ्या घरी."

मुलीबरोबर मीही जाऊ लागले. इथल्या मुलांना मराठी समजते, उत्तर मात्र इंग्रजीत येते. ताई रागावत नाहीत. शब्द अडला की म्हणतात, "हातानं करून दाखव, शब्द मी देते." एक गोष्ट मला विचित्र वाटायची. ताई हजेरी घेत नाहीत. नाव मोठ्याने पुकारत नाहीत.

एकदा आमच्या इथल्या मराठी मंडळाचे पदाधिकारी देशपांडे वर्ग चालू असतानाच आले. "ताई, जागा अपुरी पडतेय. सभासदांची मुलं ठेवू, बाकीच्यांना पुढच्या वर्षी घेऊ." बाकीच्यांत होती रत्नागिरीकडची रुखसाना. ती समोरच बसली होती.

"बसलेल्या मुलाला उठवायचं नाही, देशपांडे."

"अहो, नियम आहे."

"तेव्हाही नियमच होता. चहा घेणार?"

देशपांडे ओशाळून चहा पिऊन गेले. मुले गेल्यावर ताई बोलल्या. त्यांच्या मातोश्री एल्झा ज्यू होत्या, व्हिएन्नात वैद्यक शिकत होत्या. नाझींची सत्ता आली आणि भर वर्गात नावे वाचून ज्यू विद्यार्थ्यांना बाहेर काढले गेले. त्या एकट्या बोटीने मुंबईला आल्या. आईवडील मागे राहिले, ते पुन्हा दिसले नाहीत. पुढे पुण्यात एका शाळामास्तरांशी लग्न झाले. शिक्षण अर्धवट राहिल्याने एल्झाबाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या दवाखान्यात मदतनिसाचे काम केले. "वर्गातून निघताना शेजारच्या मैत्रिणीनं वाट द्यायला पाय आखडून घेतले, पण वर पाहिलं नाही. आई शेवटपर्यंत तेवढंच सांगायची," ताई म्हणाल्या.

यंदा ताईंना पंच्याहत्तरावे लागले आणि जवळच्या मेसईद गावातली त्यांच्या मुलाची नोकरी संपली. नोकरीबरोबर व्हिसा आणि कुटुंबाचा इथला मुक्कामही संपतो. मी नको ते बोलून गेले, "आता तुम्हालाही देश सोडावा लागतोय."

"छे! मला परतायला घर आहे गं. आईची बरोबरी नको." मग म्हणाल्या, "थकले मात्र आहे. वर्ग बंद पडेल, या विचारानंच झोप येत नाही."

मीही थकलेली असते. आठवडाभराच्या ऑफिसनंतर सुट्टीचा तो एकच शुक्रवार माझा. तरी "मी घेईन" म्हटले.

गेल्या शुक्रवारी वर्ग माझ्याकडे भरला. ताई कौतुकाने सोफ्यावर बसल्या होत्या. रुखसाना आणि माझी मुलगी खिडकीजवळच्या जागेवरून भांडत होत्या, चक्क मराठीत. "ताई, ऐकलंत?" म्हणून मी वळले, तर ताईंचा डोळा लागला होता. मुलांनी आपणहून आवाज खाली आणला.

वसुधाताईंना शंभर वर्षे निरोगी आयुष्य लाभो, ही आपणा सर्वांची प्रार्थना आहेच. माझी त्याआधीची एक आहे. त्यांना अशीच गाढ झोप लागत राहो.