बायकोचं कौतुक

माझा स्वभाव जळका आहे, हे आमच्या मिशनच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी नवी सायकल घेतली तरी माझ्या पोटात दुखतं, आणि ते दुखणं मी लपवत नाही. समोरच्याला तोंडावर सांगते, "बाई, फार हेवा वाटतो गं तुझा," आणि मोकळी होते. तेव्हा मत्सराबद्दल मी काही बोलले तर ते अनुभवाचे बोल समजावेत. आणि अनुभवाने सांगते, अख्ख्या झिम्बाब्वेत माझ्याहून जळका माणूस मी एकच पाहिला. आमचे भूगोलाचे सर, विल्बर्ट चिनेम्बिरी.

त्यांना नावाने कुणी हाक मारत नाही. त्यांच्या घराण्याचं देवक माकड, म्हणून ते मुकान्या. त्यांची बायको रोनिका गणित शिकवते. तिच्या माहेरचं देवक इलँड हरिण, म्हणून ती चिहेरा. चिहेरा बायका हट्टी असतात, नवऱ्याला खिशात घालून फिरतात, असं आमच्याकडचे पुरुष बिअर पिता पिता एकमेकांना सांगतात आणि हसतात. आमच्या चिहेराकडे बघून ते कुणाला पटलं नसतं. ती हळू बोलायची, नवऱ्यापुढे ताट ठेवताना गुडघे टेकायची. मी मामोयो, हेही देवकावरूनच; स्वयंपाक आणि शिवण शिकवते. माझं घर त्यांच्या घराला लागून. मध्ये एक आंब्याचं झाड आहे, त्यामुळे त्यांच्याकडचं सगळं मला ऐकू येतं.

मुकान्या शिक्षक म्हणून वाईट होते असं नाही. वर्गात नकाशा नसला तर ते पोरांना बाहेर वाळूत न्यायचे, काठीने आफ्रिका काढायचे आणि पोरांना झांबेझी नदीवरून उड्या मारायला लावायचे. चिहेरा नवीन नोकरीला लागली तेव्हा मोकळ्या तासाला त्यांच्या वर्गाच्या खिडकीपाशी उभी राहायची. पोरांना गप्प कसं करायचं, पुन्हा बोलतं कसं करायचं, हे तिने तिथेच पाहिलं. पुढे मुकान्यांनी तिच्या वडिलांच्या गोठ्यात वधूमूल्याची गुरं पोचवली, आणि ती आंब्यापलीकडच्या घरात राहायला आली. तेव्हाही मी जळलेच होते. पण ते राहू द्या.

पुढे काय झालं, तर चिहेरा त्यांच्यापुढे गेली. हे तिने मुद्दाम केलं नाही. तिच्या वर्गातली पोरं चौथ्या फॉर्मच्या शालान्त परीक्षेला गणितात पास व्हायला लागली, एवढंच. ज्यांना मागच्या शाळेने दगड ठरवून हाकललं होतं तीसुद्धा. मग आईबाप बिकिताहून, झाकाहून बसने यायचे आणि फाटकाशी विचारायचे, "गणिताच्या बाई कुठे राहतात?" येताना पाय बांधलेली कोंबडी आणायचे. चिहेरा ती कोंबडी शिजवायची, आणि कोंबडीतला पेटा, म्हणजे तिचं दाणे दळणारं पोट, हा रीतीने घरच्या पुरुषाचा मान, तो मुकान्यांच्या ताटात जायचा. मुकान्या तो चावत बसायचे आणि म्हणायचे, "चिवट आहे. लोक म्हातारी कोंबडी देतात तुला. किंमत ओळखून असतात."

चिहेरा म्हणायची, "हो, मुकान्या."

आंब्याअलीकडे बसून माझे दात शिवशिवायचे. मला कुणी म्हातारी कोंबडीसुद्धा आणून देत नव्हतं. बक्षीस समारंभात हेडमास्तर तिच्या वर्गाचे निकाल वाचायचे तेव्हा सगळा हॉल टाळ्यांनी दणाणायचा आणि मुकान्या दोन बोटं तळव्यावर आपटायचे. शेजारच्या खुर्चीवर मी असायचे. त्यांच्या टाळीचा आवाज कधी माझ्याही कानापर्यंत आला नाही.

परदेशी जायचं खूळ त्यांचंच. त्यांचा कॉलेजातला एक मित्र व्हिएतनामला, हनोईतल्या एका इंटरनॅशनल शाळेत लागला आणि फोटो पाठवायला लागला. काचेच्या भिंतींचा वर्ग, वर्गात मोजकी पोरं, आणि मित्राच्या गळ्यात ओळखपत्राची निळी फीत. ती फीत मुकान्यांच्या मनात रुतली. त्यांनी अर्जांचा सपाटा लावला. थायलंड, कुवेत, कझाकस्तान, जिथे शाळा तिथे अर्ज. सगळीकडून तेच गोड शब्दांतलं 'नाही'. काहींनी तर नाही म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत.

मग त्या मित्रानेच सांगितलं, "एकटा अर्ज काय करतोस? बायकोचं नाव घाल. त्यांना जोडपी आवडतात. एका घरात दोन शिक्षक मावतात, आणि जोडपं घरच्या आठवणीने वर्षाच्या मध्येच पळून जात नाही."

ही गोष्ट मुकान्यांनी शिक्षकांच्या खोलीत सांगितली तेव्हा मी हातातला कप आदळला. म्हणजे माझा विषयच मिटला. माझा नवरा जोहान्सबर्गला कामाला म्हणून गेला तो गेलाच. जोडी म्हणून मी काय त्याचा लग्नातला कोट दाखवू?

चिहेराचं नाव घातल्यावर पहिलंच उत्तर हनोईहून आलं, त्या मित्राच्याच शाळेकडून. दोघांची एकत्र मुलाखत घेऊ म्हणाले. पण पत्राच्या पहिल्या ओळीत नाव होतं 'श्रीमती रोनिका' आणि सगळी स्तुती तिच्या निकालांची. मुकान्यांचं नाव खालच्या ओळीत, 'आणि आपले पती'. मुकान्यांनी ते पत्र मला दाखवलं. त्यांचा चेहरा कच्चं लिंबू चावल्यासारखा झाला होता.

"अर्ज मी केला, मामोयो. शोध मी घेतला. आणि मी कोण? पती!"

"दुसऱ्या ओळीत का होईना, तुम्ही आहात," मी म्हणाले. "मी तर पाकिटावरसुद्धा नाही."

आमच्या शाळेत नेटवर्क मिळतं ते फक्त भोजनगृहामागच्या मोठ्या सपाट खडकावर. कुणाचा मुलगा इंग्लंडात असो की कुणाचा नवरा बोट्स्वानात, सगळी माया त्या खडकावर चढून करायची. मुलाखतही तिथेच. चर्चमधलं स्टूल वर नेलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, समोर दोन खुर्च्या. ऊन असं की पडद्यावर काही दिसेना, म्हणून मागे छत्री धरून उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. चिहेरानेच विनवलं होतं. जळत होते, पण गेले. दुसऱ्याचं भाग्य उजळताना जवळून बघायची मला वाईट खोड आहे.

पडद्यावर एक लाल केसांची बाई आणि एक टकले गृहस्थ होते. बाईंनी चिहेराला विचारलं, "एखादा मुलगा म्हणाला, मला गणिताचा तिटकारा आहे, तर काय कराल?"

चिहेरा म्हणाली, "त्याला सांगेन, मलाही लहानपणी होता. ये, आपण दोघं मिळून चिडचिड करू आणि चिडत चिडत एक गणित सोडवू. एक सुटलं की मुलं चिडायचं विसरतात."

दोघंही हसले. नुसतं पाहुण्यांसमोर हसतात तसं नाही, खुर्ची मागे सारून हसले. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मुकान्या खडकावरच्या सरड्यांकडे बघत होते.

मग टकले गृहस्थ म्हणाले, "सर, तुम्ही इतकी वर्षं यांच्याबरोबर एकाच शाळेत काम करताय. नवरा म्हणून नाही, सहकारी म्हणून सांगा. वर्गात त्या कशा आहेत?"

आता आमच्याकडे पुरुष परक्यांपुढे स्वतःच्या बायकोचं कौतुक करत नाही. करणाऱ्याला लोक हसतात, बायकोने वश करायला काहीतरी खाऊ घातलं म्हणतात. त्यामुळे मुकान्यांनी टाय सारखा केला आणि ते म्हणाले, "ती प्रयत्न करते," तेव्हा मला काही वाटलं नाही. माझा बापही आईबद्दल असंच बोलायचा.

पण गृहस्थांना ते पुरेसं वाटलं नाही. "म्हणजे?"

आणि मुकान्या म्हणाले, "म्हणजे अजून शिकते आहे. मोठ्या शाळेचा भार झेपायला वेळ लागेल. मी सांभाळून घेईन."

हे कुठल्याच रीतीत बसत नव्हतं. हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं, कितीतरी वर्षं पोटात मुरवलेलं. मला मत्सराची पारख आहे. माझ्या हातातली छत्री कलली आणि चिहेराच्या तोंडावर ऊन आलं. तिने डोळे मिटले नाहीत.

मग तिला विचारलं, सर कसे आहेत. बायकोने नवऱ्याबद्दल चांगलंच बोलायचं हीसुद्धा रीतच. ती म्हणाली, "मी यांच्या खिडकीपाशी उभी राहून शिकवायला शिकले. हे वाळूत नदी काढतात आणि मुलं खरंच पाय भिजू नयेत म्हणून उड्या मारतात. यांच्यासारखा भूगोल मी कुणालाच शिकवताना पाहिलं नाही." तिचा आवाज हललासुद्धा नाही.

खडक उतरताना चिहेरा खुर्ची घेऊन पुढे गेली. मी मुकान्यांना गाठलं.

"जीभ भाजली होती का?"

"रीत असते, मामोयो. आपल्याच बायकोचा ढोल आपणच बडवायचा? लोक काय म्हणतील?"

"लोक हनोईत बसलेत. त्यांना तुमची रीत काय माहीत?"

"तुझ्या पोटात का दुखतंय?"

"माझं नेहमीच दुखतं. तुमचं कधीपासून दुखतंय ते सांगा."

त्यांनी स्टूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि भराभर चालायला लागले.

उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. गणितासाठी अधिक अनुभवी व्यक्ती मिळाली आहे. भूगोलासाठी मात्र श्री. चिनेम्बिरी यांना घेण्यात आनंद वाटतो. पत्नी कुटुंबीय म्हणून सोबत येऊ शकतात. मुकान्यांनी ते शिक्षकांच्या खोलीत उभं राहून मोठ्याने वाचलं, 'पत्नी कुटुंबीय म्हणून' हे जरा जास्तच ठासून. चिहेरा वह्या तपासत होती. तिने पेन खाली ठेवलं, उठली, आमच्या बायका करतात तशा ओंजळीच्या मंद टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "अभिनंदन, मुकान्या." मग पुन्हा बसून तपासायला लागली.

माझं काय झालं म्हणाल? दोघांना मिळाली असती तर महिनाभर मला अन्न गोड लागलं नसतं. एकट्या त्यांना मिळाली, तर अंगाचा असा तिळपापड झाला की चिहेराला आमची जोडी म्हणून अर्ज करू या, असं मी सुचवायला निघाले होते. तो माणूस विमानात बसणार, निळी फीत गळ्यात घालणार, आणि तेही कुणाच्या शब्दावर? जिला त्याने खाली ढकललं तिच्याच!

घरी ते तिला समजावत राहायचे. "तिथे गॅस आहे. पाणी भरायला नको. बस घरी, आराम कर."

"बघू," चिहेरा म्हणायची. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिकीट काढायची वेळ आली तरी बघूच.

निरोपसमारंभ भोजनगृहात झाला. भात, कोंबडी, कोबीची कोशिंबीर आणि संत्र्याचं सरबत, सगळं माझ्या मुलींनी रांधलेलं. हेडमास्तर बोलले, शाळेचं नाव साता समुद्रापार गेलं वगैरे. मग मुकान्या उठले. नवा करडा सूट होता. मला वाटलं आता स्वतःचे पोवाडे गातील. पण ते बायकोकडे वळले.

"आज मी रीत मोडणार आहे," ते म्हणाले. "माझ्या बायकोसारखी गणिताची शिक्षिका या जिल्ह्यात नाही. या देशातही नसेल. तिच्यापुढे मी कुणी नाही."

बायकांनी जिभा हलवून आनंदाचा असा गजर केला की पत्रा थरथरला. हेडमास्तरांनी रुमाल काढला. कुणीतरी ओरडलं, "असा नवरा हवा!" मुकान्यांचा चेहरा उजळला होता. माणूस मनापासून बोलत होता, हेही मी सांगते. तिकीट खिशात आल्यावर आता त्यांना ते बोलणं जड गेलं नाही.

चिहेरा उठली. आधी तिने ओंजळीच्या टाळ्या वाजवल्या, नवऱ्याचा मान म्हणून. हॉल शांत होईपर्यंत थांबली.

"आभारी आहे, मुकान्या," ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली. "पण हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही सुखाने जा. मी येत नाही."

ती खाली बसली आणि तिने शेजारच्या म्हातारीच्या ताटात भात वाढला. मुकान्या माइक धरून तसेच उभे होते. आयुष्यभर या माणसाला एकच हवं होतं, लोकांनी आपल्याकडे बघून जळावं. आता त्यांच्या खिशात हनोईचं तिकीट होतं, आणि त्या भरल्या हॉलमध्ये एकालाही त्यांचा हेवा वाटत नव्हता. मलासुद्धा नाही.