सुमनआत्याचा ताबा

नानांचा फोन आला तेव्हा मी राहात्याच्या बाजारात पत्रकं वाटत होते. "सुमी गेली. येणार असशील तर दुपारपर्यंत ठेवतो," एवढंच म्हणाले. नाना माझे चुलते. सुमनआत्या त्यांची आणि माझ्या वडिलांची एकुलती बहीण. माझ्या हातातल्या पत्रकात तिचीच गोष्ट होती, नाव न घालता: ताबा न सोडणारी बहीण. लिहिणारी मीच. उरलेला गठ्ठा पिशवीत कोंबला आणि गावची एस.टी. धरली... त्याला आता दीड महिना होत आला. या दीड महिन्यात भेटायला आलेल्या बायकांनी तिला वाघीण म्हटलं, लढवय्यी म्हटलं. हे शब्द त्यांना मीच पुरवले होते, त्यामुळे मला तक्रार करता येत नाही.

आत्या लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन माहेरी आली. मूलबाळ नव्हतं. पेरूच्या बागेत, पाण्याच्या मोटारीच्या खोलीला लागून, विटांची एक खोली तिला दिली होती. तोडणीच्या दिवसांत क्रेट भरायचं काम तिचं. फळ हातात घेतलं की ते कुठल्या दिवशी पिकेल हे ती सांगायची, आणि ते चुकत नसे. व्यापारी येऊन फळं दाबून बघायला लागला की म्हणायची, "दादा, दाबायचंच आसंल तर घरी जाऊन उशी दाबा." आजोबा वारले तेव्हा सात-बारावर भोगवटादार म्हणून दोन्ही भावांची नावं लागली आणि हिचं नाव 'इतर हक्क' या रकान्यात गेलं. बापाच्या जमिनीत लेक म्हणजे इतर. हे वाचून माझं डोकं फिरलं. मी नुकतीच बायकांच्या हक्कांची शिबिरं करायला लागले होते, कायदा तोंडपाठ होता.

आमच्याकडे रीत अशी, की वारसनोंद झाली की भाऊ बहिणीला साडी घेतो, गाडीत बसवून निबंधकाच्या कचेरीत नेतो, ती हक्कसोडपत्रावर सही करते आणि येताना सगळे हॉटेलात जेवतात. आत्याही नवी साडी नेसून जीपमध्ये बसली होती. मी दारात आडवी उभी राहिले आणि विचारलं, "आत्या, कशावर सही करायला चाललीस ते माहीत आहे का?" ती म्हणाली, "भावांनी आणलंय म्हंजे बरंच आसंल की." मी तिला रस्त्यातच सगळं समजावून सांगितलं. नाना नुसते घड्याळ बघत होते, माझे वडील चाकाकडे. आत्या जीपमधून खाली उतरली. नाना म्हणाले, "मग साडी तरी दे परत." आत्या म्हणाली, "नेसल्याली परत घेत न्हाईत. दुकानात इचारून बघ."

त्या दिवशी मी जेवढी खूश होते तेवढी आयुष्यात कधी झाले नसेन. वाटपाचा दावा लावला, वकील मीच गाठून दिला. दावा म्हणजे तारखा. वकील म्हणाले होते, खोलीचा ताबा सोडू नका. मी ते वाक्य उचललं आणि पत्रकाच्या डोक्यावर छापलं. आत्या ते पाळायला लागली. एकदा मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला केडगावला गेली, तीन दिवस राहिली. परत येऊन बघते तर खोलीत ठिबकच्या नळ्यांची बंडलं, औषधाचे पंप आणि वर कुलूप. नाना म्हणाले, "रिकामीच हुती की." कुलूप तोडून घेतलं, पोलिसांत अर्ज दिला, आणि त्यानंतर आत्या एकही रात्र खोलीबाहेर झोपली नाही. भाऊ तिच्याशी बोलत नव्हते, वहिन्या तिच्या हातचं पाणी घेत नव्हत्या, ताट ओट्यावर ठेवून जायच्या. तिच्या सहीवाचून वाटणी अडली, वाटणीवाचून नवी बोअर अडली, झाडं म्हातारी होत गेली. सगळं घर तिच्यामुळे अडकलं होतं आणि ती त्या घरात... आणि मी सभांमधून टाळ्या घेत होते.

ती केडगावची मैत्रीण म्हणजे शकीलाबी. पूर्वी दोघी शेजारी बसून क्रेट भरत. आता ती लेकीजवळ राहून कामगारांचे डबे करते. गेल्या वर्षी आत्या मला म्हणाली, "शकीला बोलावतीया. दोगी मिळून डबं करू म्हंती. दिऊन टाकू का सही? मला न्हाई आता ही राखन हुत." मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. म्हणाले, "आत्या, तू सही दिलीस तर मी बाकीच्या बायांना कोणत्या तोंडाने सांगू?" ती हसून म्हणाली, "व्हय, तुझं बी खरंय." पुन्हा तिने विषय काढला नाही.

नंतर छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी नगरला दोन दिवस दाखल व्हा म्हणून सांगितलं. तिने फोन केला. "दोन दिवस तू यून बसतीस का खोलीत? न्हाईतर पुन्ना नळ्या भरतील." मी म्हणाले, रविवारी येते, मधे मेळावा आहे. ती गुरुवारी गेली, सकाळी, खोलीच्या दारात.

वकिलांनी समजावून सांगितलं. नवरा नाही, मूल नाही, मृत्युपत्र नाही. बापाकडून आलेला हिस्सा बापाच्या वारसांकडे परत. म्हणजे भावांकडे. सहीची गरजच उरली नाही. वडील मला म्हणाले, "शेवटी तुलाच यायचंय त्यातलं." वाईट हेतूने म्हणाले नाहीत. बहिणींचा हिस्सा भावांनी गिळण्याबद्दल मी आजही तेच म्हणते जे आधी म्हणत होते. पण हिस्सा राखायला आम्ही एका बाईला कुलपासारखं दाराला लावून ठेवलं, आणि ते लावणाऱ्यांत मी होते.

परवा केडगावला गेले. शकीलाबीने चहा टाकला, रडली नाही. स्वयंपाकघरात डब्यांनी भरलेल्या फळ्या होत्या, खालची एक मोकळी. तिच्यावर पेपर अंथरलेला, कडा कात्रीने नक्षीसारख्या कापलेल्या. "ही सुमनची," ती म्हणाली. "यील तवा तिचे डबे ठेवायला. लग्नाला आली हुती तवा तिनंच कागद कापून दिला. मळला की मी तसाच दुसरा कापते." मी विचारलं, "आता?" ती चहा गाळत म्हणाली, "आता काय... जागा लागती, पन हात हुत न्हाई ठेवायला."

मी निघेपर्यंत तिथे कोणी काही ठेवलं नाही.