ओढ्यापलीकडची प्रार्थना

सरकारी कागद केझायामावशीइतका मनावर घेणारं माणूस न्यूफाउंडलंडच्या त्या मच्छीमार गावात दुसरं नव्हतं. ओढ्यावर पूल हवा म्हणून गावाने राजधानीतल्या, सेंट जॉन्सच्या विधानसभेला अर्ज केला. शाळामास्तरांनी तो वाचून दाखवला. शेवटी रिवाजाची ओळ होती: ‘आम्ही अर्जदार आपल्यासाठी सदैव प्रार्थना करू.’ बाकीचे सहीच्या जागी फुल्या मारून कॉड मासे वाळत घालायला निघून गेले. मावशीनेही फुली मारली, पण तिच्या लेखी ती शपथ होती.

तेव्हापासून दर रविवारी ती घागरा खोचून बर्फासारख्या गार ओढ्यात उतरायची आणि पलीकडच्या चर्चमध्ये ओल्या मोज्यांनिशी आमदारांसाठी गुडघे टेकायची.

“मावशी, ते तिकडे मजेत आहेत,” शेजारचा एलायजा चिडवायचा.

“असणारच. प्रार्थना कोण करतंय?”

आमदारांची पोटं सुटत गेली, मावशीचे गुडघे धरले, आणि पुलाचा पत्ता नव्हता. शेवटी ती मास्तरांकडे गेली.

“मास्तर, दुसरा अर्ज लिहा. पूल तरी बांधा म्हणावं, नाहीतर मला या प्रार्थनेतून मोकळं करा.”

मास्तरांनी हसू दाबत लिहिलं. “पण मावशी, शेवटी तीच ओळ घालावी लागेल. त्याशिवाय अर्ज घेतच नाहीत.”

मावशीने गुडघे चोळत जरा विचार केला.

“घाला की. फक्त पुढे लिहा, यापुढे प्रार्थनेला पुलावरूनच जाईन.”