डिंपलची मिरवणूक

चालण्याचीही शर्यत असते, हे सांगायला गेलं की माणसं आधी हसतात. हसा बाप्पा. पण असते. जगातल्या मोठ्यात मोठ्या स्पर्धांत असते. नियम एवढाच, की एक पाय सदा जमिनीला टेकलेला पाहिजे आणि पुढचा गुडघा ताठ पाहिजे. कडेला पंच डोळ्यांत तेल घालून उभे असतात, दोन्ही पाय हवेत दिसले की लाल पाटी, म्हणजे बाद. असं भरभर चालायचं म्हटलं की कंबर हलतेच. आणि कंबर हलली, की आपल्या गावच्या माणसांना दुसरं काही म्हणजे काही दिसत नाही.

डिंपल सावरगावच्या नत्थूजींची धाकटी पोरगी. कॉलेजला सौंसरला होती, तेव्हा मामाकडे रामाकोन्याला राहायची आणि फटफटायच्या आत संत्र्याच्या बगीच्यांमधल्या रस्त्यावर चालायचा सराव करायची. ट्रॅक्टरवाले शिट्ट्या मारत, पोट्टे मागून तिच्यासारखी कंबर हलवत येत. मामी म्हणायची, एवढाच शौक असेल तर पळ ना, लोक नावं तरी ठेवणार नाहीत. पण पळणाऱ्या पोरी गंज होत्या, पायलीच्या पन्नास. शेवटच्या फेरीत सगळ्यांचे पाय उचलायला लागतात तेव्हा डिंपलचा पाय जमीन सोडत नव्हता, हे तिच्या कॉलेजच्या खेळाच्या मॅडमनं पहिल्यांदा ओळखलं, आणि मग तिनं हा नाद सोडला नाही.

मॅडम तिला जुन्या गोष्टी सांगायच्या. ग्रीस देशात खेळ सुरू झाले तेव्हा लग्न झालेल्या बाईला ते नुसते पाहायचीही बंदी होती. पुढे ऑलिंपिक नव्यानं सुरू झालं, पुरुषांची चाल त्यात लवकरच आली, आणि बायांची आली थेट १९९२ साली. म्हणजे बाईच्या चालण्याला नाक मुरडणारे काही फक्त रामाकोन्यातच नव्हते, सगळ्या दुनियेत होते. डिंपलला हे ऐकून बरंही वाटायचं आणि रागही यायचा.

लग्न झालं ते सावरगावच्या नदीपलीकडे, पांढुर्ण्यात. नवरा भूपेंद्र संत्र्याच्या दलालीत, माणूस सरळ. सासू मनकर्णाबाईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात सांगितलं, की सून रस्त्यानं अशी लचकत चाललेली मला चालणार नाही. मग डिंपल वर्षभर घराच्या स्लॅबवर गोल गोल चालली, घाण्याच्या बैलासारखी. तिथून ती राज्याच्या स्पर्धेत गेली, देशाच्या स्पर्धेत गेली, आणि मागच्या महिन्यात परदेशातल्या आशियाई शर्यतीत तिसरी आली.

पुढे एक जपानची पोरगी होती, एक चीनची. रेषा ओलांडल्यावर डिंपल खाली कोसळली, तर त्या चीनच्या पोरीनं आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या मानेवर ओतलं आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. घडीभरापूर्वी दोघी एकमेकींना मागं टाकायला जिवाचं रान करत होत्या. भाषा एकीची दुसरीला कळेना, पण गरजही पडली नाही. डिंपलनं घरी आल्यावर पदकाआधी ही गोष्ट सांगितली. मनकर्णाबाईंनी विचारलं, टीव्हीवर दाखवलं का? डिंपलनं हाव म्हणत मान डोलावल्यावर त्या गल्लीभर सांगत सुटल्या, की पहिल्यापासून मीच तिला स्लॅबवर चालवून राहिली होती. आता काय बोलता अशा माणसाला!

पण डिंपलला आता कोणाशी भांडायचं नव्हतं. तिला एकच गोष्ट पाहिजे होती. पुढच्या मोठ्या आशियाई स्पर्धेसाठी बंगळूरला निवड शिबिर होतं, त्यात जायचं. ठरलेल्या दिवशी दुपारच्या आत हजेरी, जो आला नाही त्याचं नाव कटलं. पांढुर्ण्याहून थेट जाणारी आदल्या दिवशीची दुपारची गाडी तिनं ठरवली होती. दिवाळीचे दिवस, तिकीटही मुश्किलीनं मिळालेलं.

आणि नेमकं तेव्हाच गाव जागं झालं.

सावरगाव आणि पांढुर्णा यांच्यामध्ये जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत मधोमध पळसाचं झाड गाडतात, वर झेंडा बांधतात, आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. झेंडा कोण नेतो, यावर डोकी फुटतात. सावरगावची पोरगी पांढुर्ण्याच्या पोरानं नेली आणि भर नदीत दोघं सापडली, तेव्हापासूनची ही गोटमार म्हणतात. आता या गावांना पदकवाली पोरगी सापडली, माहेर या काठावर आणि सासर त्या काठावर. कशाला सुचेल दुसरं काही?

सावरगावच्या मंडळाचा विजय म्हणाला, पोरगी आमची, पहिला हार आमचा. पांढुर्ण्याचे भाऊराव, गावच्या प्रत्येक माईकवर ज्यांचा पहिला हक्क, ते म्हणाले, पदक आणलं तेव्हा ती आमची सून होती, तर पहिला हार आमचा. डिंपलनं दोघांनाही हात जोडून सांगितलं, की सत्कार शिबिराहून आल्यावर करा, आता पायाला आराम पाहिजे. ऐकतंय कोण! शेवटी नत्थूजी लेकीसमोर येऊन बसले. म्हणाले, माझ्या उभ्या जन्मात माझ्या दारी बँड वाजला नाही, लोकांचं मन मोडू नको. बापाच्या त्या तोंडाकडे पाहून ती हो म्हणाली. ठरलं असं, की सकाळी माहेरून उघड्या जीपमध्ये बसायचं, पूल ओलांडून पांढुर्ण्यात यायचं आणि तसंच स्टेशनवर. बॅग जीपमध्येच ठेवायची.

सकाळची मिरवणूक निघाली जेवणाच्या वेळेला. सासूनं मुद्दाम धाडलेली भरजरी साडी अंगावर, वर ऊन. दर दारात ओवाळणी, दर वळणावर डीजे. डिंपल दर घडीला ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, भाऊ, चाला ना समोर. ड्रायव्हर बिचारा हॉर्न वाजवायचा, आणि पोट्ट्यांना वाटायचं नाचायलाच सांगून राहिला.

विजयनं मोठा थाट केला होता. झेंडूचा हार एवढा लांब, की तो जेसीबीनं उचलून घालायचा. पण जेसीबी गेला होता कोणाच्या तरी शेतात नाली खोदायला, तो आलाच नाही. म्हणून हार राहिला, आणि जीप सरकत सरकत पुलावर आली. तिकडून भाऊराव आपल्या मंडळींना घेऊन हार हातात धरून थेट पुलाच्या मध्यापर्यंत आले. विजयच्या पोरांनी जीप मागून धरली. आमचा हार पडल्याशिवाय हलू देणार नाही. पांढुर्ण्याच्यांनी समोरून धरली. निम्मा पूल ओलांडला, आता ती आमच्या हद्दीत आहे. मागं डीजेची गाडी, समोर पांढुर्ण्याच्या मोटारी, पूल गच्च. दगड तेवढे नव्हते, बाकी सगळं पोळ्याच्या दुसऱ्या दिवसासारखंच.

अशात भाऊरावांना भाषण सुचलं. जीपच्या पायरीवर चढून त्यांनी माईक घेतला आणि थेट ग्रीसला पोचले. त्या काळी खेळांसाठी राजे लढाया थांबवत होते, खेळ म्हणजे देशादेशांना जोडणारा पूल, आणि हा पूल आज आपण बांधला आहे. हे तो माणूस कुठं उभा राहून बोलत होता? आणि त्याच्या पाठीमागं दोन पोट्टे एकमेकांची कॉलर धरून उभे होते.

डिंपलनं त्यांची बाही ओढली. "मामाजी, गाडीची वेळ झाली. मले उतरू द्या."

"स्टेशनवाले सारे आपलेच आहेत, सूनबाई. तुले घेतल्याबिगर गाडी जाते का?"

भाऊराव हे मनापासून बोलत होते, हीच तर चीड आणणारी गोष्ट. लग्नाच्या वरातीसाठी बस थांबते, पुढाऱ्यासाठी सभा थांबते, तशी दिल्लीहून निघालेली गाडीही आपल्यासाठी थांबेल, असं त्या पुलावरच्या प्रत्येक माणसाला वाटत होतं. थांबत नव्हती ती एकट्या डिंपलच्या डोक्यात.

तिनं बॅग खांद्यावर टाकली, पदर खोचला आणि जीपच्या मागून उडी मारली. माणसांच्या खांद्यांमधून वाट काढत ती पांढुर्ण्याच्या बाजूनं बाहेर आली. साडीत पळता येईना. मग ती चालली. तिला येत होतं तसं चालली, गुडघा ताठ, हात कमरेशी, भरभर. आणि पुलावर हशा पिकला. खरंच पिकला. तिच्या नावाचे बोर्ड लावणाऱ्यांनी, हार आणणाऱ्यांनी तिचा खेळ आजवर पाहिलाच नव्हता. बोर्डावरही कोण्या पळणाऱ्या बाईचंच चित्र होतं. कोणी म्हणालं, अरे, कशी चालून राहिली पाहा. डिंपलनं ते ऐकलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण पाय ढिला पडला नाही.

भूपेंद्र मागून धावत होता. धावूनही त्याला ती सापडत नव्हती. तो धापा टाकत फलाटावर पोचला तेव्हा डिंपल कठड्याला धरून उभी होती आणि गाडीचा शेवटचा डबा सिग्नलच्या पलीकडे गेला होता.

भूपेंद्रनं फोनवर विमानं पाहिली. नागपूरची त्या दिवशीची भरलेली, दुसऱ्या दिवशीचं उतरणारं दुपारनंतर. मोटारीनं गाडीला नागपुरात गाठावं, तर मोटारी सगळ्या पुलावर. डिंपलनं बंगळूरला फोन लावला. शिबिर पाहणाऱ्या बाई चांगलं बोलल्या, हळहळल्या, पण म्हणाल्या, की तुझ्यासाठी वेळ वाढवली तर बाकीच्यांना काय सांगू? यादीतल्या पुढच्या पोरीला बोलावते. डिंपलला भांडता येईना. सगळ्यांना एकच नियम, रेषा सगळ्यांना एकच, एवढ्यासाठीच तर तिला हा खेळ आवडला होता.

तेवढ्यात बँड ऐकू आला. अख्खी मिरवणूक स्टेशनात शिरत होती. भाऊराव आणि विजय खांद्याला खांदा लावून समोर, भाऊरावांचा हार त्यांच्या हातात, विजयचा लांबलचक हार मागं पोट्ट्यांच्या खांद्यांवर. तोड निघाली होती, दोन्ही हार एकाच वेळी घालायचे. नत्थूजींचं तोंड आनंदानं फुललेलं, मनकर्णाबाईंच्या हातात आरतीचं ताट. भाऊराव लांबूनच म्हणाले, पाहा, म्हटलं होतं ना, पोरगी गेली नाही, थांबली आपल्यासाठी.

भूपेंद्र काही बोलणार होता. डिंपलनं त्याला हातानं थांबवलं. मग ती बाकावर बसली, बॅग पायाशी ठेवली, पदर सारखा केला आणि त्यांच्यासमोर मान वाकवली.

"करा," ती म्हणाली. "सावकाश करा. आता मी कुठीच नाही जाऊन राहिली."