पासवर्ड पुसला तो दिवस
परवा खणात जुनं ओळखपत्र सापडलं आणि बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये थाटलेली आमची सॉफ्टवेअर कंपनी आठवली, सगळ्यांच्या डब्यांच्या एकत्र वासासकट. एकदा असं झालं, दुसऱ्या दिवशी आमचा कोड नव्या ग्राहकाच्या ताब्यात जायचा होता, आणि रिपॉझिटरीच्या, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या कोठाराच्या, जुन्या नोंदींत आधीच्या ग्राहकाचा पासवर्ड तसाच पडून होता. पासवर्डची फाइल कधीच काढून टाकली होती, पण रिपॉझिटरी काही विसरत नाही. तो पासवर्ड मीच घाईत टाकला होता. साहेबांपुढे कबुली दिली, तर म्हणाले, "माहितीये. म्हणूनच पुसायचं काम तुम्हाला दिलंय. घाण कुठंय ते तुम्हालाच ठाऊक." जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी सगळ्या जुन्या नोंदींतून तो पुसला. पण एकाच्याही संगणकावर कोडची जुनी प्रत राहिली असती, तर तिथून तो परत आला असता. म्हणून हळदीकुंकवाचं बोलावणं करावं तसा टेबलाटेबलाशी गेलो. "अहो, जेवू तरी द्या!" "जेवा की, पण आधी प्रत पुसा." पुसेपर्यंत प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी नव्या ग्राहकाच्या माणसाने जुन्या नोंदींत तासभर शोधलं आणि म्हणाला, "काहीच सापडलं नाही." माझ्या कामाचं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही. घरात हे मी अजून छाती काढून सांगतो, फक्त लेकीने "पण बाबा, तो टाकला कुणी होता?" असं विचारलं, की चहा मागतो.