अण्णांची शिष्या

परवा भर दुपारी सुनेनं खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडलं. तो गार, मातकट वास आला आणि मी थेट अंबडच्या आमच्या बैठकीत जाऊन बसले. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. माझे वडील, आमचे अण्णा, वकील होते. उर्दू-फारसीत मुरलेले आणि संस्कृतवर जीव टाकणारे. उन्हाळ्यात ते दोघींना शिकवायला बसत: मला, आणि शेजारच्या विधवा बाईंच्या मुलीला. गीतेचा अध्याय संपला की कुराणातल्या एखाद्या आयतीचा अर्थ सांगत. मला श्लोक पाठ होत, तिला प्रश्न पडत. "काका, देव दयाळू हाय असं दोन्हीकडं सांगतेत, मंग माणसं एकमेकाला भिऊन का राह्यलीत?" ती विचारी, आणि अण्णांचा चेहरा उजळून निघे. माझं पाठांतर बिनचूक झालं तर ते नुसतं "बराबर" म्हणत. त्या एका शब्दाशेजारी तिच्या वाट्याचा तो उजेड ठेवून पाहायची खोड मला तेव्हाच जडली.

पुढं मला शहागडच्या पाटलाच्या शेतकरी घरात दिलं आणि ती हैदराबादला शिकायला गेली. अण्णांनीच तिच्या आईचं मन वळवलं. माझ्या लग्नात माझ्यापेक्षा तिच्या कॉलेजाच्याच गप्पा जास्त झाल्या. धर्मांचा अभ्यास करून ती तिथंच शिकवू लागली, आणि काही वर्षांनी गावविकासाच्या कामावर माझ्या सासरगावीच येऊन उभी राहिली. पांढरं सुती लुगडं, पायांत साध्या वहाणा. मी तेव्हा शेणानं माखलेल्या हातांनी दारात उभी होते.

गावात विहीर खोदायची होती. गोदावरीचा चढ पाण्यानं भरलेली घागर घेऊन चढताना बायका रडकुंडीला येत. पण पाण्याची जागा निघाली ती देऊळ आणि दर्गा यांच्या मधोमध. देवळाकडचे म्हणत जागा आमची, दर्ग्याकडचे म्हणत आमची, आणि निजामाचं राज्य जाताना झालेल्या मारामाऱ्यांच्या जुन्या भीतीमुळं कुणी मागं हटेना. ती पुरुषांच्या बैठकीत गेलीच नाही. "चल, तुला सगळ्या ओळखतेत," म्हणत मला घेऊन घरोघर फिरली. मला जायचं नव्हतं, पण नाही म्हणायलाही जमलं नाही. दर्ग्याच्या गल्लीतली एक म्हातारी म्हणाली, "बेटी, उद्या आम्हाला पाणी भरू दिलं न्हाई तर?" अण्णांच्या शिष्येनं माझा हात पुढं ओढला. "ही पाटलाची सून हाय. पहिली घागर तुमच्यासंगं हीच भरंल."

मला न विचारताच! मी आतून जळत होते. तरी मान हलवली. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. पण त्यानंतर दोन्हीकडच्या बायकांनी आपापल्या घरांत असा काही हट्ट धरला, की पुरुषांना ऐकावं लागलं.

विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी अण्णा अंबडहून आले. त्या म्हातारीनं आणि मी एकदमच घागरी भरल्या. दोन्हीकडच्या बायका हसत होत्या, काही डोळे पुसत होत्या. अण्णा सरळ चालत आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, माझ्या शिकवण्याचं सोनं केलंस." भरली घागर घेऊन मी हातभर अंतरावर उभी होते. ओल्या पदराखाली माझं अंग नुसतं पेटलं होतं.

काम संपवून ती हैदराबादला परतली. पुढं तिचं नाव वाढत गेलं. सगळ्या धर्मांच्या माणसांच्या सभा, परदेश, मानसन्मान. इकडं विहिरीवर भांडण झालं की बायका माझ्याकडं येत. दर्ग्याजवळ लग्न आहे, वाजंत्री थांबवायची का, एकादशीला पाणी कुणी आधी भरायचं. निवाडा मी करायचा. दर वेळी मनात चरफडत मी विचार करी, ती असती तर काय म्हणाली असती? आणि मग तिच्याहून बरं काही सुचावं म्हणून डोकं खाजवी. असं करता करता माझी सगळी उमर गेली. गावात मोठं भांडण काही झालं नाही. अण्णा ते पाहायला उरले नव्हते.

गेल्या वर्षी ती गेल्याचं कळलं. लोक भेटायला आले, म्हणाले, तुमची जिवाची मैत्रीण होती. मी होकार दिला. दुसरा शब्द सापडेना. आता सकाळी उठावं तर कुणाच्या पुढं निघून जायचं आहे, तेच आठवत नाही. काळानं माझे दात नेले, नजर नेली. हेवा तेवढा शाबूत ठेवला, आणि जिचा करायचा तिला मात्र नेलं.